एकाच स्टोरेज-सर्व्हरवर व्यवस्थापनाची आणि डेटाची वाहतूक खरोखर वेगळी कशी करावी

प्रश्नाचा आशय थोडक्यात असा आहे. एका मध्यम आकाराच्या कार्यालयात लिनक्सवर चालणारा स्टोरेज-सर्व्हर आहे. त्याला १ गिगाबिटचे दोन आणि १० गिगाबिटचे दोन पोर्ट आहेत. तीन ईएसएक्सआय होस्ट (आभासी यंत्रे चालवणारे सर्व्हर) त्यावरील एनएफएस (नेटवर्कवरून फाइली देण्याची पद्धत) आणि आयस्कझी (नेटवर्कवरून डिस्क देण्याची पद्धत) वापरतात, तर कार्यालयातील संगणक एसएमबीने, म्हणजे विंडोजच्या फाइल-सामायिक पद्धतीने, सामायिक फोल्डर उघडतात. व्यवस्थापनासाठी १ गिगाबिटच्या पोर्टाला १०.१०.५.२० आणि डेटासाठी १० गिगाबिटच्या पोर्टाला १०.१०.५.२१ असा पत्ता दिला आहे. तरीही मोठी फाइल सेकंदाला ११० मेगाबाइटच्या वर जात नाही, स्विचच्या आलेखात डेटा १ गिगाबिटच्या पोर्टावरून वाहताना दिसतो, आणि प्रशासनाचे वेब-पान दोन्ही पत्त्यांवर उघडते. वेगळा स्विच घेतल्याने हे सुटेल का, असे विचारले आहे.

सुटणार नाही. सेकंदाला ११० ते ११५ मेगाबाइट ही १ गिगाबिट दुव्याची व्यवहारातली कमाल मर्यादा आहे, त्यामुळे हा आकडा दिसला की डिस्कवर संशय घेण्याचे कारण उरत नाही. वाहतूक चुकीच्या केबलवरून चालली आहे. आणि ती तशी चालली आहे याचे कारण असे की पोर्टाला वेगळा पत्ता दिल्याने वाहतूक वेगळी होत नाही. ती तीन निर्णयांनी वेगळी होते: सर्व्हरवरची कोणती सेवा कोणत्या पत्त्यावर ऐकते, सर्व्हरचे उत्तर कोणत्या मार्गाने परत जाते, आणि क्लायंटला मुळात कोणता पत्ता सांगितला जातो. यांपैकी एकही निर्णय स्विच घेत नाही. दोन निर्णय सर्व्हरवर होतात, तिसरा बव्हंशी क्लायंटवर होतो, आणि बहुतेक ठिकाणी तिन्ही निर्णय कोणी घेतलेलेच नसतात.

आधी दोन पत्ते एकाच सबनेटमध्ये असण्याची गोष्ट. १०.१०.५.२० आणि १०.१०.५.२१ हे दोन्ही एकाच /२४ सबनेटमध्ये, म्हणजे पहिले तीन आकडे समान असलेल्या पत्त्यांच्या गटात, असल्यामुळे कर्नेलच्या मार्गसूचीत एकाच सबनेटकडे जाणाऱ्या दोन नोंदी तयार होतात, आणि ज्या नोंदीला प्राधान्य आहे तिच्यावरून सर्व उत्तरे बाहेर पडतात. क्लायंटने .२१ला विनंती केली म्हणून उत्तर .२१च्या पोर्टातून जाईल असे नाही. उत्तराचा मार्ग गंतव्य पत्त्यावरून ठरतो, विनंती कोठून आली त्यावरून नाही. येणाऱ्या वाहतुकीचे तर आणखी विचित्र आहे. लिनक्स मूळ मांडणीत कोणत्याही पोर्टावर आलेल्या एआरपी प्रश्नाला (‘हा पत्ता कोणाचा?’ या विचारणेला) स्वतःच्या कोणत्याही पत्त्याबद्दल उत्तर देतो. त्यामुळे .२१ कोणाचा, या प्रश्नाला १ गिगाबिटचा पोर्टही ‘माझा’ असे उत्तर देतो, आणि ज्याचे उत्तर क्लायंटच्या नोंदीत टिकते त्याच्याकडे डेटा जातो. एका संगणकावरून वेग चांगला आणि शेजारच्या संगणकावरून वाईट, आज ठीक आणि उद्या पुन्हा तेच, ही या रोगाची लक्षणे आहेत. एआरपी इग्नोर आणि एआरपी अनाउन्स या कर्नेलच्या दोन मूल्यांनी (पहिले १, दुसरे २) हे पुष्कळसे आवरता येते, परंतु तो उपचार नाही, मलमपट्टी आहे. फ्रीबीएसडी या लिनक्ससारख्या दुसऱ्या प्रणालीवर एकाच सबनेटमध्ये दोन पोर्ट ठेवणे ही असमर्थित मांडणीच आहे, आणि ट्रूनॅस या स्टोरेज-प्रणालीच्या मार्गदर्शिकेतही त्याला मनाई आहे. एका यंत्रावर एका सबनेटला एकच पोर्ट, किंवा अनेक पोर्ट एकत्र बांधून केलेला एकच दुवा, हा नियम कोणत्याही अपवादाशिवाय पाळावा.

म्हणून पहिले काम सबनेट वेगळे करण्याचे. व्यवस्थापन १०.१०.५.० मध्ये राहू द्यावे, होस्टांसाठीचा डेटा १०.१०.५०.० आणि १०.१०.५१.० अशा दोन सबनेटमध्ये न्यावा, आणि कार्यालयीन संगणकांच्या एसएमबीसाठी १०.१०.६०.० ठेवावे. होस्टांसाठी दोन सबनेट सुचवण्याचे कारण आयस्कझी. आयस्कझीला दोन स्वतंत्र मार्ग हवे असतात आणि त्यांच्यात वाटणी करण्याचे काम मल्टिपाथ (एकाच डिस्ककडे जाणारे अनेक मार्ग सांभाळणारी सोय) उत्तम करतो. एलएसीपीने दोन दुवे बांधून तेच साधायचा प्रयत्न केला तर एक जोडणी नेहमी एकाच तारेवर पडते आणि दुसरी तार रिकामी राहू शकते. एनएफएससाठी ५०चे सबनेट पुरे आहे. ६०चे सबनेट १० गिगाबिटच्या एका पोर्टावर व्हीलॅन (त्याच केबलवरचे वेगळे आभासी नेटवर्क) म्हणून ठेवता येईल.

आता दुसरा निर्णय, आणि माझ्या मते सर्वाधिक घोटाळा येथेच होतो: डीफॉल्ट गेटवे, म्हणजे आपल्या सबनेटबाहेरची वाहतूक ज्याच्याकडे सोपवायची तो राउटर. सामान्य स्टोरेज-सर्व्हरच्या मार्गसूचीत गेटवे एकच असतो, आणि बसवताना पहिला पोर्ट व्यवस्थापनाचा असल्यामुळे तो गेटवेही त्याच बाजूला दिला जातो. होस्ट आणि सर्व्हर एकाच सबनेटमध्ये असतील तर त्याचा त्रास होत नाही, कारण त्यांच्यातील वाहतूक गेटवेकडे जातच नाही. म्हणूनच ५० आणि ५१ या सबनेटना गेटवे अजिबात देऊ नये. ज्या सबनेटला राउटरच नाही तेथे बाहेरचा कोणी चुकूनही पोहोचत नाही, आणि आतला कोणी चुकूनही बाहेर जात नाही. हे स्वस्त आणि पक्के संरक्षण आहे.

एसएमबीचे मात्र तसे नसते. हिशेब विभाग एका सबनेटमध्ये, डिझाइन विभाग दुसऱ्यात, वायफाय तिसऱ्यात अशी रचना असेल, तर १०.१०.२०.० मधला संगणक १०.१०.६०.२०ला, म्हणजे सर्व्हरच्या एसएमबीच्या पत्त्याला, विनंती करतो, विनंती राउटरमार्गे डेटाच्या पोर्टावर येते, आणि सर्व्हर उत्तर पाठवताना पाहतो की १०.१०.२०.० हे आपले सबनेट नाही, म्हणून तो ते डीफॉल्ट गेटवेकडे, म्हणजे व्यवस्थापनाच्या १ गिगाबिटच्या पोर्टातून पाठवतो. मधल्या फायरवॉलला जोडणीची अर्धीच बाजू दिसली तर ती जोडणी तोडते आणि फोल्डर उघडतच नाही. फायरवॉल उदार असेल तर फोल्डर उघडते, पण सगळा डेटा चुकीच्या वाटेने जातो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. या दोहोंत दुसरी अवस्था मला अधिक वाईट वाटते, कारण तक्रार येत नाही.

याला उपाय दोन. पहिला आणि माझा आवडता असा की अनेक सबनेटमधल्या वापरकर्त्यांना सेवा देणाऱ्या सर्व्हरवर डीफॉल्ट गेटवे डेटाच्या बाजूला, म्हणजे येथे ६०च्या सबनेटमध्ये द्यावा, आणि व्यवस्थापनाच्या बाजूला फक्त मोजके स्थिर मार्ग लिहावेत: प्रशासकांच्या संगणकांचे सबनेट, देखरेख करणारा सर्व्हर, लॉग गोळा करणारा सर्व्हर. वापरकर्ते अनेक आणि कोठेही असतात, प्रशासक थोडे आणि ठरावीक जागी असतात, म्हणून यादी त्यांचीच करणे सोपे. दुसरा उपाय धोरणाधारित मार्गनिवडीचा: डेटाच्या पत्त्यासाठी वेगळी मार्गसूची, तिला तिचा गेटवे, आणि ‘स्रोत पत्ता १०.१०.६०.२० असेल तर ही सूची पाहावी’ असा नियम. सिनॉलॉजीच्या स्टोरेज-उपकरणांवरील डीएसएम प्रणालीत एकापेक्षा अधिक गेटवे चालू करण्याचा पर्याय याच तत्त्वावर आहे. नेटॲपच्या ऑनटॅप या स्टोरेज-प्रणालीत तर प्रत्येक आभासी स्टोरेज-सर्व्हरला स्वतःची मार्गसूची असते, त्यामुळे तेथे हा प्रश्न मुळात कमी बोचतो.

धोरणाधारित मार्गनिवडीची एक मर्यादा मात्र लक्षात घ्यावी. स्रोत पत्त्यावरचा नियम उत्तरांना लागू पडतो, कारण उत्तराचा स्रोत पत्ता आधीच ठरलेला असतो. सर्व्हर स्वतःहून जी जोडणी सुरू करतो, उदाहरणार्थ डोमेन कंट्रोलरशी (वापरकर्त्यांची ओळख पटवणाऱ्या सर्व्हरशी), वेळ-सर्व्हरशी किंवा दुसऱ्या स्टोरेजशी, तिचा स्रोत पत्ता बहुधा मार्गावरूनच ठरतो. तेथे हा नियम काही करत नाही आणि मुख्य सूचीच चालते. शिवाय लिनक्समधील आरपी फिल्टर कडक असेल, तर ज्या पोर्टावरून उत्तर गेले नसते त्या पोर्टावर आलेले पॅकेट कर्नेल मुकाट्याने टाकून देतो. टीसीपीडम्प या पॅकेट पाहण्याच्या साधनात विनंती स्पष्ट दिसते, सेवा चालू असते, फायरवॉल मोकळी असते, आणि तरीही उत्तर जात नाही, असे झाल्यास प्रथम हेच तपासावे. टीसीपीडम्प या फिल्टरच्या आधीच्या टप्प्यावर ऐकतो, म्हणून तो फसवा दिलासा देतो. असममित मार्ग (जाण्याची आणि येण्याची वाट वेगळी) हेतुपुरस्सर ठेवायचा असेल तर फिल्टरचे मूल्य २, म्हणजे सैल, करावे. पूर्ण बंद करण्याचे सहसा कारण नसते.

आता पहिला निर्णय, ऐकण्याचा. बहुतेक सेवा मूळ मांडणीत ०.०.०.० वर, म्हणजे यंत्राच्या प्रत्येक पत्त्यावर ऐकतात. म्हणूनच वेब-पान दोन्हीकडे उघडते. वेब-सेवा आणि एसएसएच (दूरवरून आज्ञा देण्याची सेवा) यांना केवळ १०.१०.५.२० वर बांधावे. सांबाला (लिनक्सवरील एसएमबी सेवेला) त्याच्या मांडणीत इंटरफेसांची यादी द्यावी, आणि फक्त त्याच इंटरफेसांना बांधण्याचा पर्यायही चालू करावा. नुसती यादी देऊन हा दुसरा पर्याय विसरला तर अपेक्षित बंधन येत नाही. कर्नेलच्या एनएफएस सेवेला तिच्या मांडणीच्या फाइलीत होस्ट-पत्ता देता येतो, पण एनएफएसच्या तिसऱ्या आवृत्तीसोबत येणारी १११ क्रमांकाची (हा आणि पुढचे असे आकडे केबलच्या पोर्टाचे नव्हेत, सेवेच्या पोर्ट-क्रमांकाचे आहेत) आरपीसीबाइंड आणि माउंट सेवा स्वतंत्रपणे ऐकत राहतात, त्यांना विसरू नये. चौथ्या आवृत्तीला फक्त २०४९ पुरतो, ही तिची मोठी सोय आहे. आयस्कझीच्या टार्गेटवर (डिस्क देणाऱ्या टोकावर) पोर्टल, म्हणजे ऐकण्याचा पत्ता, तयार करताना ०.०.०.० सोडून ५० आणि ५१ मधले दोन पत्ते स्पष्ट लिहावेत.

परंतु पत्त्याला बांधणे म्हणजे कुंपण नव्हे, हे अनेक अनुभवी प्रशासकांनाही ठाऊक नसते. ऑक्टोबर १९८९ मधील आरएफसी ११२२ या इंटरनेट-मानकाच्या दस्तऐवजात यजमान-यंत्राच्या वागणुकीची दुर्बल आणि सबल अशी दोन प्रारूपे वर्णिली आहेत. लिनक्स दुर्बल प्रारूपाने चालतो: आपला कोणताही पत्ता, कोणत्याही पोर्टावर आला तरी, तो स्वीकारतो. म्हणजे डेटाच्या सबनेटमधील एखाद्या यंत्रावर ‘१०.१०.५.२०कडे जाण्यासाठी १०.१०.५०.२०मार्गे जा’ असा मार्ग लिहिला, की ते यंत्र १० गिगाबिटच्या पोर्टातून आत येऊन, केवळ व्यवस्थापनाच्या पत्त्यावर ऐकणाऱ्या वेब-सेवेपर्यंत पोहोचते. यासाठी सर्व्हरवर पॅकेट पुढे पाठवण्याची सोय चालू असावी लागत नाही, कारण पॅकेट पुढे जातच नाही. ते त्याच यंत्रासाठी आहे. विंडोजने व्हिस्टा आणि सर्व्हर २००८ पासून सबल प्रारूप स्वीकारले, लिनक्सने नाही. म्हणून सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये पत्त्यावर नव्हे तर इंटरफेसच्या, म्हणजे प्रत्यक्ष पोर्टाच्या, नावावर नियम हवेत: डेटाच्या इंटरफेसवर आलेले २२ (एसएसएच) आणि ४४३ (वेब-पान) नाकारावेत, व्यवस्थापनाच्या इंटरफेसवर आलेले २०४९ (एनएफएस), ४४५ (एसएमबी) आणि ३२६० (आयस्कझी) नाकारावेत.

याच ओघात कंटेनरांबद्दल, म्हणजे वेगळ्या आवरणात चालवलेल्या प्रोग्रामांबद्दल. हल्ली स्टोरेज-सर्व्हरवरच कंटेनर चालवणाऱ्या डॉकरमध्ये चार उपयुक्त गोष्टी चालवण्याची पद्धत पडली आहे. डॉकर सुरू होताना कर्नेलची पॅकेट पुढे पाठवण्याची सोय चालू करतो, आणि कंटेनरचे खुले केलेले पोर्ट सांगितले नाही तर सर्व पत्त्यांवर उघडतो. दोन नेटवर्कांमध्ये पाय ठेवून उभ्या असलेल्या यंत्रावर हे कोणी मागून आणलेले नसते. कंटेनर ठेवायचेच असतील तर प्रत्येकाचा पोर्ट एका ठरावीक पत्त्यावर उघडावा. माझे स्पष्ट मत विचाराल तर ते दुसऱ्या यंत्रावर चालवावेत.

तिसरा निर्णय, क्लायंटला कोणता पत्ता सांगितला जातो, हा वरवर क्षुल्लक वाटतो आणि प्रत्यक्षात सर्वांत हट्टी ठरतो. आयस्कझीत क्लायंट एका पोर्टलला विचारतो, ‘तुझ्याकडे कोणती टार्गेट आहेत?’ आणि उत्तरात टार्गेटच्या नावासोबत त्याच्या सर्व पोर्टलांचे पत्ते येतात. टार्गेट ०.०.०.० वर ऐकत असेल तर त्या यादीत व्यवस्थापनाचा पत्ताही असतो. क्लायंट भाबडेपणाने सर्वांवर लॉगिन करतो, आणि मल्टिपाथ त्या १ गिगाबिटच्या वाटेला बाकी दोन वाटांच्या बरोबरीची समजून वाटणीचे काम देतो. एकूण वेग सर्वांत संथ वाटेच्या तालावर येतो. पुढे कोणी हे ओळखून फायरवॉलमध्ये तो पत्ता बंद केला, तर दुसरी व्याधी सुरू होते: ईएसएक्सआयच्या यादीत ते पोर्टल राहिलेलेच असते, त्यामुळे प्रत्येक रीस्कॅन आणि रीबूटच्या वेळी होस्ट त्या मेलेल्या पत्त्याची वाट पाहत बसतो. म्हणून आधी टार्गेटची पोर्टल-यादी दुरुस्त करावी, मग प्रत्येक होस्टवरील जुन्या नोंदी हाताने काढाव्यात. त्या आपोआप जात नाहीत.

एनएफएसच्या बाबतीत ईएसएक्सआय आणखी साधा आहे. तिसऱ्या आवृत्तीत तो माउंटच्या पत्त्याकडे पाहतो, मार्गसूची पाहतो, आणि त्या सबनेटमध्ये ज्या व्हीएमकर्नेल पोर्टाचा (होस्टच्या स्वतःच्या आभासी नेटवर्क-पोर्टाचा) पत्ता आहे त्यातून निघतो. तुमच्या सध्याच्या मांडणीत स्टोरेजचा पत्ता होस्टांच्या व्यवस्थापनाच्याच सबनेटमध्ये असल्यामुळे सर्व आभासी डिस्कांची वाहतूक होस्टांच्या व्यवस्थापनाच्या पोर्टातून जात असणार, ही गोष्ट स्टोरेजकडील आलेखात दिसणार नाही. म्हणजे वेगळेपणा फक्त स्टोरेजच्या टोकाला करून भागत नाही. प्रत्येक होस्टवर ५०च्या सबनेटमधला स्वतंत्र व्हीएमकर्नेल पोर्ट हवा.

एसएमबीत हाच प्रश्न दोन वेषांत येतो. एक डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा): डोमेनमध्ये सामील झालेला सर्व्हर आपली नोंद स्वतः अद्ययावत करत असेल, तर तो आपले सर्व पत्ते एकाच नावाखाली लिहितो, आणि क्लायंटला त्यांतील कोणताही मिळू शकतो. ही स्वयंचलित नोंदणी बंद करावी आणि दोन वेगळी नावे हाताने लिहावीत, एक डेटाचे, एक व्यवस्थापनाचे. व्यवस्थापनाचे नाव वापरकर्त्यांना कळण्याचे कारण नाही. दुसरा वेष मल्टिचॅनेलचा, जो एसएमबी ३.० सोबत विंडोज सर्व्हर २०१२ मध्ये आला आणि सांबात ४.१५ या आवृत्तीपासून मूळ मांडणीतच चालू असतो. यात सर्व्हर क्लायंटला आपल्या सर्व इंटरफेसांची माहिती देतो आणि क्लायंट त्यांवर जादा जोडण्या उघडतो. १० गिगाबिटसमोर १ गिगाबिटला क्लायंट सहसा विचारत नाही. परंतु व्यवस्थापनाचा पोर्टही १० गिगाबिटचा असेल, तर क्लायंटच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. सांबाला इंटरफेसांचे बंधन घातले की हा प्रश्न मिटतो.

व्यवस्थापनाची वाहतूक म्हणजे नेमके काय, याचा विचार येथे केलाच पाहिजे, कारण सीमारेषेवरची प्रकरणे बरीच आहेत. वेब-पान, एसएसएच, एसएनएमपी (देखरेख), सिसलॉग (लॉग पाठवणे), इशाऱ्यांचे ईमेल आणि अद्यतने यांच्याबद्दल वाद नाही. झेडएफएस या फाइल-प्रणालीची प्रत दुसऱ्या स्टोरेजकडे पाठवणे मात्र बहुधा एसएसएचवरून होते. प्रोटोकॉल व्यवस्थापनाचा, वजन डेटाचे. एसएसएच केवळ व्यवस्थापनाच्या पत्त्यावर बांधले की रात्रीची प्रत तेथूनच जाते, १ गिगाबिट तुडुंब भरते, आणि नेमक्या त्याच वेळी देखरेखीचा सर्व्हर ‘स्टोरेज उत्तर देत नाही’ असा खोटा इशारा देतो. प्रत पाठवण्यासाठी आणखी एक स्वतंत्र सबनेट ठेवावे. एसएसएचला त्या पत्त्यावरही ऐकू द्यावे, पण तेथे केवळ समोरच्या स्टोरेजचा पत्ता आणि केवळ चावीने प्रवेश, पासवर्डने नाही.

डोमेन कंट्रोलरशी होणारे संभाषण याच्या अगदी उलट आहे. त्याचे वजन नगण्य, म्हणून लोक ते व्यवस्थापनात टाकतात. पण ते थांबले की वापरकर्त्यांची ओळख पटत नाही आणि फोल्डर उघडत नाहीत. व्यवस्थापनाचा स्विच दुरुस्तीसाठी बंद केला आणि सगळे कार्यालय खोळंबले, असे झाले तर वेगळेपणाचा उपयोगच काय? ज्या सेवेवाचून डेटा मिळत नाही ती, कितीही हलकी असली तरी, डेटाच्या मार्गावर असावी. डीएनएस आणि एनक्रिप्शनच्या चाव्या देणारा सर्व्हर यांनाही हीच कसोटी लावावी. वेळ जुळवण्याचेही तसेच, कारण घड्याळ पाच मिनिटांपेक्षा जास्त सरकले की मूळ मांडणीतील कर्बेरॉस (डोमेनमध्ये ओळख पटवण्याची पद्धत) प्रवेश नाकारतो. भारतातील कार्यालयांसाठी यात एक भर आहे: सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपणे आणि घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्र) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा) यांच्या, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या, वेळ-सर्व्हरांशी जुळवणे अपेक्षित आहे. त्यामुळे गेटवे नसलेल्या सबनेटांची रचना करताना हे दोन मार्ग मोकळे आहेत ना, हे आधीच पाहून ठेवावे.

बीएमसी, म्हणजे यंत्र बंद असतानाही ते दूरवरून चालू करू देणारा मदरबोर्डवरचा छोटा संगणक, हा व्यवस्थापनाचाही मालक आहे आणि त्याचा स्वतंत्र पोर्ट न जोडता सोडणे धोक्याचे आहे. अनेक बोर्डांवर तो मूळ मांडणीत ‘फेलओव्हर’ अवस्थेत असतो: स्वतःच्या पोर्टात केबल दिसली नाही की पहिल्या सामान्य पोर्टावर येऊन बसतो आणि तेथे डीएचसीपीने पत्ता मागतो. त्याच्या आयपीएमआय २.० या प्रोटोकॉलच्या रचनेतच असा दोष आहे की लॉगिन पूर्ण होण्याआधीच तो विचारणाऱ्याला पासवर्डचा हॅश (ज्यावरून पासवर्डचा अंदाज बांधता येतो असा सांकेतिक ठसा) देतो. सुरक्षा-दोषांच्या यादीत सीव्हीई २०१३-४७८६ या क्रमांकाने तो नोंदला आहे, आणि दोष रचनेतलाच असल्यामुळे अद्यतनाने जात नाही. बायोसमध्ये त्याला ‘समर्पित’ अवस्थेत ठेवावे आणि शक्य असल्यास १०.१०.५.० मध्येही न ठेवता आणखी एका बंद व्हीलॅनमध्ये ठेवावे.

आता केबलचा प्रश्न. व्हीलॅनने ओळख वेगळी होते, रुंदी वेगळी होत नाही. एकाच १० गिगाबिट दुव्यावर दोन्ही व्हीलॅन ठेवल्यास सुरक्षेच्या दृष्टीने काम होते, पण तो दुवा तुंबला किंवा तुटला तर तुम्ही ज्या पानावरून दुरुस्ती करणार तेच पान उघडत नाही. तुमच्याकडे १ गिगाबिटचे पोर्ट मोकळे आहेत, म्हणून व्यवस्थापनाला स्वतंत्र केबल द्यावी. तिचे दुसरे टोक सध्याच्याच स्विचवर वेगळ्या व्हीलॅनमध्ये असले तरी चालेल. अधिक निश्चिंती हवी असेल तर जुना ८ पोर्टचा १ गिगाबिट स्विचही या कामाला पुरतो. मोठ्या फ्रेमचा, म्हणजे ९००० एमटीयूचा (एका पॅकेटच्या कमाल बाइट-मर्यादेचा), वापर फक्त ५० आणि ५१ मध्ये करावा, बाकी सर्वत्र १५०० ठेवावे. पोर्टावर व्हीलॅन असतील तर मूळ पोर्टाचा एमटीयू व्हीलॅनच्या एमटीयूपेक्षा कमी नसावा. दोन्ही टोके ९००० आणि मधला स्विच १५०० अशी गफलत झाली तर लॉगिन होते, फोल्डरांची यादी येते, आणि मोठी फाइल वाचायला घेतली की सगळे गोठते. स्विच मोठी फ्रेम कोणालाही न कळवता टाकून देतो. तुकडे न करण्याची सूचना देऊन ८९७२ बाइटचा पिंग पाठवावा. तो गेला तरच ९००० खरे. उरलेले २८ बाइट आयपी आणि आयसीएमपीच्या शीर्षांचे असतात.

एवढा खटाटोप कशासाठी, असे वरिष्ठ विचारतील. वेगाचे कारण त्यांना पटेल, पण खरे कारण स्नॅपशॉट, म्हणजे फाइलींची ठरावीक क्षणाची जपून ठेवलेली अवस्था, हे आहे. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट या खंडणीखोर प्रोग्रामने इंटरनेटला उघडी असलेली क्यूनॅपची स्टोरेज-उपकरणे गाठली, आणि त्याआधी जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या नेटवर्क-डिस्कचे असंख्य मालक सकाळी रिकाम्या डिस्का पाहून हादरले. ही झाली थेट इंटरनेटवरची प्रकरणे. कार्यालयाच्या आत धोका असा की एखाद्या वापरकर्त्याच्या संगणकात शिरलेला प्रोग्राम फोल्डरमधल्या फाइली कुलूपबंद करतो. स्नॅपशॉट शाबूत असतील तर तुम्ही त्या तासाभरात परत आणता. त्याच संगणकावरून स्टोरेजचे प्रशासन-पान उघडत असेल, तर हल्लेखोर प्रथम स्नॅपशॉट पुसतो आणि मगच फाइलींना हात लावतो. दोन्ही वाहतुकी वेगळ्या असतील तर त्याला एसएमबीने फाइली दिसतात, स्नॅपशॉट पुसण्याचे बटण दिसत नाही. घरातल्या दोन डिस्कांच्या, एका पोर्टाच्या यंत्राला ही सगळी रचना नको. तेथे फायरवॉलमध्ये प्रशासन-पान एका ठरावीक संगणकापुरते मर्यादित केले तरी पुष्कळ झाले.

रचना झाली की ती आकृतीवर विश्वास ठेवून सोडू नये. मोठी फाइल चालू असताना व्यवस्थापनाची केबल काढावी: फाइलीचा वेग तिळमात्र हलता कामा नये, आणि नवा वापरकर्ताही लॉगिन करू शकला पाहिजे. मग ती परत लावून डेटाच्या सर्व केबली काढाव्यात: वेब-पान उघडे राहिले पाहिजे, आणि डेटा थांबला पाहिजे. डेटा थांबण्याऐवजी संथ गतीने चालू राहिला, तर कोठेतरी व्यवस्थापनाचा पत्ता अजून वापरात आहे. ही परीक्षा अर्थातच कार्यालय बंद असताना आणि आभासी यंत्रे बंद करून घ्यावी. त्यानंतर डेटाच्या सबनेटमधून एनमॅप या उघडे पोर्ट शोधणाऱ्या साधनाने सर्व्हरच्या सर्व पत्त्यांकडे पाहावे, आणि वर सांगितलेला आडवाटेचा मार्ग लिहून व्यवस्थापनाच्या पत्त्याकडेही पाहावे. तेथे २२ किंवा ४४३ उघडे दिसले, तर इंटरफेसवरचे नियम लागलेले नाहीत.

प्रत्यक्ष बदल करताना क्रम महत्त्वाचा. बीएमसीच्या कन्सोलवर बसूनच काम सुरू करावे, ज्या दुव्याचा पत्ता बदलायचा त्याच दुव्यावरून नव्हे. ट्रूनॅससारख्या प्रणालींत नेटवर्कमधला बदल ठरावीक वेळात, मूळ मांडणीत ६० सेकंदांत, पक्का केला नाही तर आपोआप मागे फिरतो. तुमच्या लिनक्सवर ती सोय नसेल तर कन्सोलला पर्याय नाही. आधी नवी सबनेट जुन्याच्या जोडीने उभी करावीत, मग एकेक होस्ट हलवावा. एनएफएसचा पत्ता बदलताना लक्षात ठेवावे की ईएसएक्सआय डेटास्टोरची (आभासी यंत्रांच्या फाइलींच्या साठ्याची) ओळख सर्व्हरचा पत्ता आणि मार्ग यांच्या अक्षरशः मजकुरावरून ठरवतो. एका होस्टवर १०.१०.५०.२० आणि दुसऱ्यावर त्याच पत्त्याचे नाव लिहिले, तर फाइली त्याच असूनही तो ते दोन वेगळे डेटास्टोर मानतो आणि सामायिक स्टोरेज म्हणून व्हीमोशन (चालू आभासी यंत्र दुसऱ्या होस्टवर हलवणे) करू देत नाही. तिन्ही होस्टांवर एकच मजकूर, एकाच पद्धतीने लिहावा. आणि जुने माउंट काढण्याआधी त्यावरील आभासी यंत्रे हलवावी लागतील किंवा बंद करावी लागतील, तेव्हा तेवढा अवधी मागून घ्यावा.

एसएमबीचे क्लायंट त्यानंतर. जुन्या १०.१०.५.२० वरचे ४४५ लगेच बंद न करता प्रथम त्यावर येणाऱ्या जोडण्यांची फायरवॉलमध्ये नुसती नोंद करावी, आणि निदान एका महिनाअखेरीपर्यंत ती चालू ठेवावी. नोंदीत जे पत्ते दिसतील ते बहुधा माणसांचे नसतात: स्कॅन केलेली पाने थेट फोल्डरमध्ये टाकणारे झेरॉक्स यंत्र, ज्यात कोणीतरी कधीकाळी आयपी पत्ता टंकून ठेवला आहे, हिशेबाच्या संगणकावर टॅलीच्या डेटाचा जुना मार्ग, हजेरी-यंत्राची फाइल उचलणारी एखादी बॅच. त्या प्रत्येकाला डेटाचे नवे नाव द्यावे, नोंद रिकामी येऊ लागली की ४४५ चा नियम नोंदीऐवजी नकाराचा करावा, आणि १०.१०.५.२१ हा पत्ता यंत्रावरून काढून टाकावा.